चक्की फिरते, दळण कुठे आहे?

शास्त्रवाचन: अनुवाद 24:6, योहान 9:1-7



गेल्या ऑक्टोबरात आम्ही सहा जण हैदराबादहून अजिंठा एक्स्प्रेसने छत्रपती संभाजीनगरला गेलो. आमच्या तोंडी अजून औरंगाबादच येते, सांभाळून घ्या. निमित्त मंडळीतल्या एका मुलीच्या लग्नाचे होते. पाणचक्की बघायचे कुणाच्या मनातही नव्हते. पण गाडी पहाटे पोहोचली, लग्न दुपारचे, आणि आमच्याबरोबर होते फिटर काका. लालागुड्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांचे आयुष्य गेले. जिथे काही फिरते, सरकते किंवा खडखडते, तिथे त्यांना नेल्याशिवाय गत्यंतर नसते.

मूळ विषयाकडे वळण्याआधी एक कबुली देतो. आमच्या मंडळीच्या आवारात एक दगडी गिरणी आहे. त्या दिवशी ती बंद पडून चौदा महिने झाले होते. तिची गोष्ट पुढे येईलच, पण पाणचक्कीपुढे उभे असताना आमच्या सगळ्यांच्या मनात तीच होती, आणि कुणीही तिचे नाव काढत नव्हते.

पाणचक्की खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ आहे. ती बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्याचा भाग आहे. हे संत मध्य आशियातून, बुखाऱ्याकडच्या गुजदवान गावातून दख्खनेत आले. निजामुल्मुल्क आसफजाह यांचे सरदार तुर्कताज खान यांनी ही चक्की उभी केली असे सांगतात. तो अठराव्या शतकाचा काळ. तेव्हा निजामाची राजधानी औरंगाबादेत होती. 1763 मध्ये ती हैदराबादेला हलली. त्यामुळे आम्हा हैदराबादकरांना ही चक्की परकी वाटत नाही, जुन्या घरातली वस्तू वाटते. आमच्यातल्या दोघांचे पूर्वज तर जालन्याजवळच्या बेथेलचे, म्हणजे रेव्ह. नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीतले. जालना स्टेशन अंधारातच मागे गेले, तरी दोघे उठून दाराशी उभे राहिलेच.

आमच्यातल्या एकीने दाराशीच हळू आवाजात विचारले, "दर्ग्यात आपण कशाला?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून इथे लिहितो. काका म्हणाले, "बाई, आपण पीठ कसं व्हायचं ते बघायला आलोय. इथे आल्यागेल्या फकिरांना आणि वाटसरूंना जेवण मिळायचं, त्यासाठी ही चक्की. उपाशी माणसाला भाकर देणाऱ्याच्या घरात जायला प्रभू नाही म्हणेल का?" यावर कोणी काही बोलले नाही. सगळे आत गेलो.

आत मोठा आयताकृती हौद आहे. त्यात कारंजी, आणि एका बाजूच्या उंच भिंतीतून पाणी धबधब्यासारखे कोसळते. हौदाखाली खांबांची दालने आहेत. हौदाचा तळ हेच त्यांचे छप्पर. तिथे बाहेरच्या उन्हाचा मागमूस लागत नाही. लोक भिंतीपाशी फोटो काढतात, थोडा वेळ चक्की बघतात आणि निघून जातात. आम्हीही तेच केले असते. पण काका चक्कीच्या खोलीच्या दाराशी गेले ते हलेचनात.

यंत्र म्हटले तर अगदी साधे आहे. चित्रांत दिसणारे विलायती पाणचक्कीचे चाक उभे असते. ते फिरले की दातेरी चाके त्याची गती वळवून दगडापर्यंत नेतात. इथे तसे काही नाही. चाक आडवे आहे, पंख्यासारखी पाती असलेले. वरून आलेल्या पाण्याचा मारा पात्यांवर बसतो आणि चाक फिरते. चाकाच्या मधून एक लोखंडी दांडा सरळ वर जातो, खालच्या दगडाच्या छिद्रातून निघतो आणि वरच्या दगडाला धरतो. चाकाचा एक फेरा तोच दगडाचा एक फेरा. हिमालयात ओढ्यांवर घराट असतात, त्यांची जात हीच. काका म्हणाले, "ह्यात बिघडायला जागाच किती कमी ठेवलीय बघा." आणि मग बिघडण्याच्या जागा मोजू लागले.

पहिली जागा दांड्याचे खालचे टोक. वरच्या दगडाचा आणि चाकाचा सगळा भार त्या टोकावर, आणि तेही पाण्यात. ते झिजले की दगड खाली बसतो, दगडावर दगड घासतो. म्हणून अशा चक्क्यांत खालचा आधार वरखाली करायची सोय ठेवतात. दोन दगडांतली फट केसाएवढी कमीजास्त झाली तरी पीठ बदलते. दुसरी जागा पाती. पाण्याबरोबर काटक्या येतात, वाळू येते. पाते वाकले की चाक डुगडुगते आणि मग दांडाच खराब होतो. तिसरी म्हणजे दगड. दळून दळून दगड गुळगुळीत होतो, दाणा फुटायच्याऐवजी चिरडतो, पीठ गरम होते. मग वरची तळी उचलून, उलटी करून, छिन्नी-हातोडीने तिच्या चऱ्या पुन्हा कोराव्या लागतात. आपल्याकडे त्याला टाकी लावणे म्हणतात. आमच्या लहानपणी पाथरवटाची आरोळी गल्लीत ऐकू आली की आया घराघरांतून जाती बाहेर काढून ठेवायच्या. आता मुलांना जात्याचा खुंटा दाखवला तर हे काय म्हणून विचारतात. माकडी हा शब्द तर फिटर काकांनीच पुष्कळ वर्षांनी आमच्या कानावर घातला: वरच्या तळीच्या तोंडात बसवलेली ती आडवी लाकडी पट्टी, जिच्यावर तळी तोललेली असते.

चक्की फिरत होती. दगड गरगर फिरत होता. पीठ मात्र पडत नव्हते, कारण दगडात दाणाच नव्हता. आता ती बघणाऱ्यांसाठी फिरते, आणि त्यात वावगे काही नाही. ऐतिहासिक वस्तू टिकते ती अशीच. पण काका बराच वेळ त्या दगडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आमची आई रिकामं जातं फिरवू द्यायची नाही. आम्ही पोरं खेळायला बसलो की ओरडायची. अशुभ म्हणायची. वर्कशॉपात गेल्यावर मला कळलं, ती बरोबर होती. दोन दगडांच्या मधे दाणा असतो तोवर दगड दाण्याला खातो. दाणा संपला की दगड दगडाला खातो." तळी वर उचलून ठेवली असेल तर भीती नाही, हेही त्यांनी लगेच सांगितले. कुठल्याही यंत्राची बदनामी त्यांना सहन होत नाही.

त्या क्षणी आम्हा सहा जणांना आमची गिरणी आठवली. आणि गिरणीच नव्हे, आमची सेवाही.

आता ती गोष्ट. नांदेड, देगलूर, धर्माबाद, उदगीर या भागातून कितीतरी माणसे उपचारासाठी हैदराबादेला येतात. रुग्णाला खाट मिळते. सोबत आलेली बायको किंवा भाऊ मात्र बाहेर फुटपाथवर चादर टाकून पडतो. तेलुगू येत नाही, शहर माहीत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाने ठरवले की दर शनिवारी एका इस्पितळाबाहेर ज्वारीची भाकर आणि पिठले न्यायचे. भातही नेता आला असता. पण घरापासून लांब आलेल्या माणसाला भाकरीचा पापुद्रा दिसला की तो निम्मा घरी पोहोचतो. अडचण पिठाची होती. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते, भाकर थापता थापता तुटते. म्हणून उपकारस्तुतीच्या अर्पणातून एक लहान दगडी गिरणी घेतली. शुक्रवारी रात्री दळायचे, शनिवारी पहाटे थापायच्या.

मग ती गिरणी हळूहळू जड चालू लागली. पीठ गरम येऊ लागले, पट्ट्याचा वास यायला लागला. "बघू, करू" असे म्हणत आम्ही सगळे तिच्याजवळून जात राहिलो. एका शुक्रवारी ती बंद पडली. त्या शनिवारी बिस्किटांचे पुडे नेले, कारण सोपे होते. पुढच्या शनिवारीही तेच. मग सेवा महिन्यातून एकदा झाली. मात्र सेवेचा फलक नवा छापून घेतला, सारख्या रंगाचे टी-शर्ट शिवून घेतले, वार्षिक अहवालात फोटो छापून आले. सेवेच्या वाढदिवसाला पाहुण्यांचे भाषण झाले. त्या वर्षात आमच्यात जेवढी भांडणे झाली तेवढी भाकरी थापायच्या दिवसांत कधी झाली नव्हती: फलकावर कुणाचे नाव वर, कुणी कुणाला विचारले नाही. काकांचे वाक्य ऐकल्यावर याचे कारण कुणाला समजावून सांगावे लागले नाही.

मोशेच्या नियमशास्त्रात एक छोटीशी आज्ञा आहे, अनुवाद 24:6. कर्जाच्या बदल्यात गरिबाचे जाते अडकवून ठेवू नका, त्याची वरची तळीसुद्धा नेऊ नका, असे तिथे बजावले आहे, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच तारण घेणे. पूर्वी ही आज्ञा वाचताना वाटायचे, नुसत्या तळीचा उल्लेख कशाला? पाणचक्कीपाशी उमगले. खालचा दगड जागचा हलत नाही. वरचा उचलून नेता येतो. आणि वरची तळी गेली की खालचा दगड कितीही मजबूत असला तरी घरात पीठ नाही. आमची तळी कुठल्या सावकाराने नेली नव्हती. ती आवारातच होती, ताडपत्रीखाली. आम्हीच ती आमच्या आळसाकडे गहाण टाकली होती.

बाहेर पडताना आम्ही नहर पाहिली, म्हणजे तिचे जे काही दिसते तेवढे. चक्कीचे पाणी सहा किलोमीटरच्या आसपास दुरून, हर्सूलच्या बाजूने येते. जमिनीखालून, मातीच्या भाजलेल्या नळांतून. मधे मधे बांधीव मनोरे आहेत, त्यांत पाण्याचा दाब सांभाळला जातो आणि अडकलेली हवा निघून जाते. पुण्यात कात्रजच्या पेशवेकालीन नळावर ज्यांना उच्छ्वास म्हणतात, तीच कल्पना. पंप नाही, वीज नाही. उगम उंचावर आणि नळ बंद, एवढ्याच आधारावर पाणी शहरात येऊन पुन्हा भिंतीच्या माथ्यापर्यंत चढते. वाटेत एक सांधा फुटला, एका झाडाचे मूळ नळात शिरले, कुणी घराचा पाया खणताना नळ फोडला, तर त्याचा परिणाम सहा किलोमीटर लांबच्या चाकावर होतो. चाकाला तेलपाणी कितीही करा, ते फिरणार नाही. उन्हाळ्यात नहरीचे पाणी आटून चक्की थांबल्याच्या बातम्या मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात, त्यांत फोटो चाकाचा असतो. नहरीचा फोटो कोण काढणार? ती दिसतच नाही.

आमच्यातल्या तरुण मुलाने विचारले, "मग एवढ्या वर्षांत ती नहर साफ कोण करत असेल?" नावे कुणालाच माहीत नाहीत. पण कुणीतरी गाळ उपसला, कुणीतरी चुन्याने सांधे भरले, एकदा नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या. नाहीतर आज पाणी आले नसते.

लग्नाहून परतताना गाडीत आम्ही योहानाचा नववा अध्याय वाचला. प्रभूने जन्मांधाच्या डोळ्यांना चिखल लावला आणि त्याला शिलोह तळ्यावर धुवायला पाठवले. त्या तळ्यात पाणी कुठून आले? हिज्कीया राजाच्या काळात यरुशलेमेत खडक फोडून भुयार खणले, त्यातून. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आणि इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात त्याचा उल्लेख आहे. ते भुयार सुमारे 533 मीटर लांब आहे आणि आजही त्यातून पाणी वाहते. 1880 मध्ये त्याच्या भिंतीवर एक कोरीव लेख सापडला. दोन बाजूंनी खणत आलेले मजूर मधे कसे भेटले, एकमेकांचा आवाज खडकातून कसा ऐकू आला, ते त्यात लिहिले आहे. राजाचे नाव मात्र त्यात नाही, खणणाऱ्यांचीही नाहीत. प्रभूने त्या आंधळ्याला "जा, धू" म्हटले तेव्हा त्या निनावी मजुरांना मरून सातशे वर्षे होऊन गेली होती, आणि पाणी तयार होते. वाचन संपल्यावर काका म्हणाले, "येत्या सोमवारी गिरणी उघडू." प्रार्थना तेवढीच झाली.

सोमवारी उघडली. आत उंदरांनी घर केले होते, ते आधी काढले. पट्टा तडकलेला, बेअरिंग गंजलेले. काकांनी वरची तळी उलटी केली. चऱ्या जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या, हाताला काचेसारखी गुळगुळीत लागत होती. बेगमबाजारातल्या एका वयस्कर कारागिराने येऊन टाकी लावून दिली. त्याने आधी सरळ लाकडी पट्टीला गेरू फासला आणि ती दगडावरून फिरवली. जिथे रंग लागला तो भाग उंच, तिथे छिन्नी चालवायची. पुन्हा गेरू, पुन्हा छिन्नी. दोन दिवस टक टक चालले होते. शेजारचे विचारून गेले, काय मूर्ती घडवताय काय?

तिसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहाने बटण दाबले. गिरणी फिरली, पीठच येईना. आतल्या आत घुसमटल्यासारखा आवाज. आम्ही घाबरलो, दगड बिघडवला की काय. काकांनी एक क्षण बघितले आणि कपाळाला हात लावला. मोटरची जोडणी आमच्यापैकी एकाने (तो हे लिहीत आहे) केली होती, आणि तीन तारांपैकी दोन अदलाबदल झाल्या होत्या. दगड उलटा फिरत होता. चऱ्यांचा कल पीठ बाहेर ढकलणारा असतो. उलट फिरवले की तेच पीठ मधे ओढले जाते. तारा बदलल्या आणि पहिली ज्वारी खाली आली. ती आम्हाला खाता आली नाही. टाकी लावल्यानंतरच्या पहिल्या दळणात दगडाची कच येते, ती पायलीभर जनावरांना घालायची असते. घाई झालेल्या बायकांना ते पटेना. दळण पुन्हा घातले, चाळले, बोटांत चोळून पाहिले, दाताखाली धरून पाहिले. मगच शुक्रवारचे दळण सुरू झाले.

पहिल्या शनिवारी सत्तर भाकरी झाल्या. पूर्वी दोनशे व्हायच्या. थापणारे हात कमी झाले आहेत आणि जे आहेत त्यांचा सराव गेला आहे. काही भाकरी नकाशासारख्या होत्या. इस्पितळाबाहेर देगलूरकडच्या एका मावशींनी भाकर हातात घेतली, वासच घेत राहिल्या आणि म्हणाल्या, "आजच दळलंय का हो हे?" मग नवऱ्याला आत न्यायला एक मागून घेतली. त्यांनी आम्ही कोण म्हणून विचारले नाही, आणि त्या दिवशी फलक न्यायचाही राहूनच गेला होता.

आता गिरणीच्या भिंतीवर काकांनी खडूने एक तक्ता आखून ठेवला आहे. दर शुक्रवारी दळण झाल्यावर तळी झाडायची. पंधरा दिवसांनी पट्ट्याचा ताण बघायचा. महिन्याने बेअरिंगला ग्रीस. पावसाळ्याआधी आणि नंतर दगड उलटून टाकी. प्रत्येक कामापुढे नाव लिहायला जागा आहे. शुक्रवारच्या रकान्यात गर्दी झाली आहे, कारण तेव्हा ताज्या पिठाचा वास येतो आणि चहा मिळतो. ग्रीसच्या पुढे फिटर काकांचेच नाव आहे, आणि त्यांना आता खाली वाकवत नाही. टाकीच्या पुढे अजून कुणाचेच नाव नाही. रविवारी उपासनेनंतर ज्यांना पाच मिनिटे असतील त्यांनी गिरणीकडून जावे. खडू खिडकीत ठेवला आहे.